यॉर्कची ड्यूकपदवी मुलाकडे का जात नाही?

प्रश्न : इंग्लंडच्या राजाच्या दुसऱ्या मुलाला ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ करतात, असे वाचले. उमरावपद वंशपरंपरागत असते, तर ही पदवी दर वेळी नव्याने का द्यावी लागते? — एक वाचक, सातारा

उत्तर : नियमाने ती मुलाकडेच जायला हवी, आणि प्रारंभी तशी गेलीही. दुसऱ्या रिचर्डने १३८५ मध्ये आपला काका, म्हणजे तिसऱ्या एडवर्डचा मुलगा, एडमंड याला ती दिली. एडमंडचा मुलगा १४१५ मध्ये फ्रान्समधील आझँकूरच्या लढाईत निपुत्रिक मारला गेला, तेव्हा ती पुतण्या रिचर्डकडे आली. गादीवर हक्क सांगणारा हा रिचर्ड १४६० च्या अखेरीस वेकफील्डच्या रणात पडला आणि त्याचा मुलगा दोनच महिन्यांनी चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या घटनेत आहे. उमरावपदाची सनद राजा देतो. तो स्वतःच स्वतःचा उमराव असू शकत नाही, त्यामुळे पदवीधारक गादीवर बसताच त्याची पदवी राजपदात विलीन होते आणि पुढे कोणालाही द्यायची तर नवी सनद लागते. १४६१ नंतरचा प्रत्येक ड्यूक ऑफ यॉर्क एक तर राजा झाला, नाही तर पदवी चालवणारा मुलगा त्याला नव्हता. चौथ्या एडवर्डचा धाकटा मुलगा रिचर्ड तर वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास, १४८३ मध्ये, टॉवर ऑफ लंडनमधून कायमचा दिसेनासा झाला. या इतिहासातील सर्वांत करुण नाव मला त्याचेच वाटते. थोरला भाऊ वारल्यामुळे आठवा हेन्री आणि पहिला चार्ल्स गादीवर आले. ज्याच्या नावावरून न्यूयॉर्क हे नाव पडले, तो दुसरा जेम्सही आधी ड्यूक ऑफ यॉर्कच होता. ज्याच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून मुंबईत गेटवे ऑफ इंडिया उभारले गेले, त्या पाचव्या जॉर्जलाही थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर १८९२ मध्ये हीच पदवी मिळाली होती. त्याचा मुलगा सहावा जॉर्ज १९३६ मध्ये राजा झाला तो भावाने राजत्याग केल्यामुळे.

१९८६ मध्ये ही पदवी राजपुत्र अँड्र्यू यांना मिळाली. त्यांना दोन मुली आहेत. सनद मात्र केवळ पुरुष वारसांपुरती असते. २०२५ मध्ये त्यांनी ती वापरणेही सोडले.