काळ्या रानात निवडुंगाची बाग

प्रश्न : अथणीत घर बांधलंय. पुढे दीड गुंठा जागा मोकळी आहे. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण, म्हणून मोठे निवडुंग आणि घायपात लावायचा विचार आहे. ॲरिझोनाच्या फोटोत असतो तसा हात फुटलेला उंच निवडुंगही हवा आहे. घरात लहान नातवंडं आहेत. काय लावू?
– एक निवृत्त शिक्षक, अथणी

उत्तर : गुरुजी, झाडांच्या आधी जमीन बघा. अथणीचं ऊन ही झाडं सोसतात, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात दगावतात. काळं रान पाणी धरून ठेवतं. खड्डा काढून त्यात मुरूम-वाळू भरली तरी भोवतालचं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं आणि मुळं कुजतात. झाड मलूल दिसलं की पाण्याची झारी उचलू नका. आधी बुंधा बोटानं दाबा. पिचपिचीत लागला तर समजा, आत कूज शिरली आहे.

म्हणून खड्डा नकोच. मुरूम, भरड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत कालवून जमिनीवर दीड-दोन फुटांचा उंचवटा करा आणि झाड त्याच्या माथ्यावर लावा. बेळगावकडच्या खानापूरच्या धो-धो पावसात एवढंही पुरत नाही, अथणीत पुरतं.

फोटोतला निवडुंग सग्वारो. पहिल्या 8 वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो आणि हात फुटायला 50 ते 75 वर्षं घेतो. त्याचा नाद सोडा. उंची हवी तर सेरियस लावा. तो भराभर वाढतो आणि रात्री मोठी पांढरी फुलं देतो.

घायपाताची मला खरी काळजी वाटते. नर्सरीत तो वीतभर दिसतो, पण पुढे सहा-आठ फुटांचा घेर धरतो. पानाच्या टोकाचा काटा दाभणासारखा, आणि नेमका नातवंडांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तो कुंपणाकडेच लावा, पायवाटेपासून चांगला लांब. आयुष्यात एकदाच फुलतो, मग वाळतो. बुडाशी पिल्लं असतात, ती जागा धरतात.

दारापाशी घायपाताचाच बिनकाट्याचा प्रकार, अगेव्ह अटेन्युएटा, शोभेल, फक्त दुपारी त्याला सावली हवी. गोल्डन बॅरल हा गोल निवडुंग सावकाश वाढतो, त्याला मधोमध जागा द्या. शेर, म्हणजे पेन्सिलीसारख्या हिरव्या फांद्यांचं झाड, मात्र आणूच नका. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट.

लागवड दिवाळीनंतर करा. ग्रीननेटखालून आणलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर करपतं, म्हणून पहिले पंधरा दिवस दुपारी त्यावर जुनं धोतर किंवा पोतं ताणा.