कुत्र्याचं वजन वाढवायला घरचे चिकन-ओट्सचे गोळे
आधी पशुवैद्यांकडून जंत आणि दात तपासून घ्या. जंत असतील तर कितीही खाऊ घाला, अंगी लागणार नाही. मग 250 ग्रॅम चिकन खिमा, 1 अंडं, अर्धी वाटी ओट्सची पूड आणि पाव वाटी शिजवलेला लाल भोपळा मळा. मीठ नको. कांदा-लसूण, मनुके तर अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी आहेत. सुपारीएवढे गोळे 180 अंशांवर 20-25 मिनिटं भाजा. एक फोडून बघा, आत गुलाबी राहता कामा नये. मिश्रण सैल झालं तर भोपळ्यात पाणी राहिलंय, थोडी पूड वाढवा. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात.

पहिल्या दिवशी एकच द्या. घाईने तूप-लोणी ओतू नका, जास्त चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. खाऊ रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांतच ठेवा, खरी वाढ जेवणातूनच होते.