चौक रंगवायचाय? आधी पिसारो बघ

चित्रासाठी गर्दीचा चौक घेतलास, छान केलंस. फक्त माणसं एकेक करून काढत बसू नकोस, तिथेच चित्र मरतं. कामीय पिसारो या चित्रकाराचं काम बघ. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याला उघड्यावर बसून काम करणं झेपेना, म्हणून १८९८ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकीतून त्याने ‘प्लास द्यु तेआत्र फ्रांसे’ हा चौक पुन्हा पुन्हा रंगवला. कधी उन्हात, कधी पावसात.

यातल्या एका चित्रात आकाशच नाही! बराचसा कॅनव्हास म्हणजे फिकट रस्ता, त्यावर घोडागाड्या आणि माणसं. माणूस म्हणजे तरी काय, गडद रंगाचे दोन-तीन फटकारे. नाक-डोळे नाहीत, पण चालणारा आणि थांबलेला वेगळा कळतो, कारण फटकाऱ्याला कल आहे.

म्हणून आधी रस्त्याचा रंग लाव, तो ओला असतानाच माणसं टाक. कडा आपोआप मऊ होतात. काळा ट्यूबमधून थेट घेऊ नकोस. निळा आणि तपकिरी मिसळ. आणि माणसांमधली मोकळी जागा जप, मला ती जमायला फार वर्षं लागली. झालेलं चित्र टाक इथे, मनापासून बघेन.