वटवाघळांचे आवाज टिपून पोट भरेल का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी टी.वाय.ला, विषय फिजिक्स, घर भांडुपला. आता तिला कच्छ-राजस्थानच्या कोरड्या माळांवर वटवाघळांचे आवाज टिपायचं काम करायचंय. "झूलॉजी नाही, रात्री-अपरात्री हिंडणं, ह्यात पोट भरेल का?" हा तुमचा प्रश्न.

झूलॉजीची काळजी आधी सोडा. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही आणि कीटक खाणारी बहुतेक वटवाघळं त्याच्या वरच बोलतात. ऑडिओमॉथसारखं तळहाताएवढं यंत्र सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० नमुने घेतं, तेव्हा १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज हाती लागतो. निम्माच का, ते लेकीला विचारा, चटकन सांगेल. असं सलग रेकॉर्डिंग तासाला पावणेतीन जीबी होतं. दहा यंत्रं, पंधरा रात्री, रोज दहा तास धरले तर चार टीबीच्या वर! म्हणजे हिंडणं थोडंच. यंत्र संध्याकाळी बांधायचं, सकाळी सोडायचं आणि पुढे महिनोन् महिने खुर्चीत बसून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाची चित्रं, बघायचे. हे तिला कुणी सांगितलंय का?

खरी मेख पुढे आहे. कोरड्या मुलखात पाणवठ्याशी यंत्र लावलं की फाइली भरभरून येतात. जरा लांब माळावर लावलं की जवळपास रिकाम्या. म्हणून पाण्याशी वटवाघळं जास्त राहतात म्हणायचं का? पाण्यावर लांबलांबून येतात ती, आणि घिरट्या घालणारं एकच वटवाघूळ शंभरदा नोंदलं जातं. यंत्र फेऱ्या मोजतं, डोकी नाही. त्यात हा आवाज हवेत किती लवकर विरतो ते तापमान आणि आर्द्रतेवर ठरतं, त्यामुळे एप्रिल आणि सप्टेंबरच्या रात्री सरळ तुलनेत बसत नाहीत. काही रातकिडेही ह्याच उंच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ओरडतात. वडावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं तर ह्या मोजणीत येतच नाहीत. ती आवाजाच्या प्रतिध्वनीवर नाही, डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात. हे गुंते सोडवायला फिजिक्सवाली मुलगी हवीच आहे.

पैशाचं मात्र गोड बोलणार नाही. कायम नोकऱ्या मोजक्या. बहुतेक काम प्रकल्पापुरतं, वर्ष-दोन वर्षांचं. पवनचक्क्यांसाठी होणाऱ्या वटवाघळांच्या पाहणीवर भिस्त ठेवू नका: पर्यावरण परिणामांच्या तपासणीबद्दलच्या (ईआयए) २००६ च्या सरकारी अधिसूचनेप्रमाणे त्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, कर्ज देणारी संस्था मागते तेव्हा असा अभ्यास होतो. म्हणून पायथन ही संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र पक्कं करू द्या. वटवाघळं सुटली तरी ती शिदोरी दुसरीकडे चालते. एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) बघा. जागा थोड्या, चुरस मोठी.

आणि एक, वटवाघूळ हातात घ्यायचं नाही. जाळी लावून पकडायच्या कामाला वनखात्याची परवानगी लागते, आधी रेबीजची लस.

फी भरण्याआधी एक करा. फोर्टला बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तिला एकदा जाऊन येऊ दे, माणसं भेटतील. मग कुणाकडून यंत्र उसनं आणून दहा रात्री तुमच्याच गच्चीवर लावू दे. राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे. हवा दमट असली तरी सरावाला चालेल. त्या फाइली तिने शेवटपर्यंत चाळल्या तर मला पुन्हा लिहा, पुढचं बोलू. तिसऱ्याच रात्री कंटाळली, तर दोन वर्षांची फी वाचली.