सूत्र पाठ, तरी बाजू चुकते

"सर, सूत्रं सगळी पाठ आहेत हिची. पण पेपरात त्रिकोणाची बाजू काढायची म्हटली की चुकतंयच. पीयूसीला सायन्सला घालू का नको?" कर्नाटकातल्या खानापूर भागातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी मराठी माध्यमात, एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या वर्षात; पीयूसी म्हणजे त्यापुढची अकरावी-बारावी.

आईच्या मते मुलीला गणिताची भीती. वहीत मात्र भीती दिसली नाही. एकच चूक चार ठिकाणी दिसली.

त्रिकोण एबीसी. एबीवर डी, एसीवर ई, आणि डीई बीसीला समांतर. एडी ४, डीबी ६, डीई ५ सेंमी, बीसी किती? तिने मांडलं होतं ४/६ = ५/बीसी, उत्तर ७.५. थेल्सचं प्रमेय तोंडपाठ होतं, एडी/डीबी = एई/ईसी, आणि त्यानेच ती फसली. ते प्रमेय दोन बाजूंच्या तुकड्यांचं. डीई आणि बीसी हे तुकडे नव्हेत, दोन वेगळ्या त्रिकोणांच्या अख्ख्या बाजू आहेत. तिथे समरूपता (कोन सारखे, म्हणून जोडीच्या बाजू एकाच प्रमाणात) लावायची, आणि एडीच्या जोडीला अख्खी एबी घ्यायची.

नुसतं सांगून हे उतरत नाही. कोऱ्या कागदावर एडीई वेगळा, एबीसी वेगळा काढायला लावला. मोठ्याच्या डाव्या बाजूवर तिने ६ लिहिले, थांबली, खोडून १० केले. ४/१० = ५/बीसी; बीसी १२.५.

"मग मागची तिन्ही पण चुकलीत की!"

पायथागोरसमध्ये दुसरी गाठ होती. कर्ण म्हणजे काटकोनासमोरची, सगळ्यांत मोठी बाजू; पण 'तिरकी रेघ म्हणजे कर्ण' असं डोक्यात बसलेलं. आकृती फिरवून दिली, काटकोन वर आला, की कर्ण हरवला. कर्ण १३, एक बाजू ५ असताना तिने वर्गांची बेरीज केली: १६९ + २५ = १९४. वर्गमूळ जवळपास १३.९, म्हणजे बाजू कर्णापेक्षा मोठी! असं होऊच शकत नाही. वजाबाकी केली की १४४, बाजू १२. त्यात शाळेत 'कर्ण', ट्यूशनला 'हायपोटेन्यूज'. दोन्ही एकच, हे कुणी स्पष्ट सांगितलेलं नव्हतं.

आईला सांगितलं, सायन्सचा निर्णय एवढ्यावरून नको. पंधरा दिवस रोज तीन गणितं, तीही उत्तर न काढता. त्रिकोण सुटे काढायचे, काटकोनासमोरची बाजू जाड करायची, समीकरण मांडून थांबायचं. पीयूसीत इंग्रजी शब्द येणारच, तेव्हा जाड रेघेवर दोन्ही नावं लिहायची.