कामाडो ग्रिल आणि ग्रॅनाइट: मागची तीन इंचाची पट्टी

ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये भोक पाडून कामाडो (जाड सिरॅमिकचं, अंड्याच्या आकाराचं कोळशाचं ग्रिल) बसवण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि आमचा जुना ओटा डोळ्यांसमोर उभा राहिला. "दगड कापणारा फॅब्रिकेटर म्हणतोय ग्रिलला अगदी लागून गोल कापतो, फट दिसणार नाही. कापून घेऊ का?" नका घेऊ. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आम्ही डॅलसजवळ राहतो. मागच्या अंगणात ओटा बांधला तेव्हा 18 इंची कामाडो आधीच घेऊन ठेवला होता. ग्रिल लाकडावर थेट ठेवायचं नाही, खाली काँक्रीटची लादी आणि पाय हवेत, हे तुम्हाला माहीत असणारच. ते आम्ही बरोबर केलं होतं. घोळ झाला तो वर, दगडात.

दगडवाल्याने माप घेतलं ते कॅटलॉगमधल्या चित्रावरून. ग्रिल गॅरेजमध्ये खोक्यात पडून होतं, ते बाहेर काढायचे कष्ट मीही घेतले नाहीत. भोक इतकं नेमकं पडलं की भोवती जेमतेम पाव इंच राहिलं. मला तर कौतुकच वाटलं! वर काँट्रॅक्टरने "पावसाचं पाणी आत जाईल" म्हणून त्या पाव इंचात साधं काळं सिलिकॉन भरून दिलं. भोकाच्या मागे ग्रॅनाइटची तीन इंचाची पट्टी उरली होती, तिच्याकडे कोणी लक्षच दिलं नाही.

दोन-तीन महिने वांगी भाज, कणसं भाज, मंद आचेवर चिकन, काही झालं नाही. मग एकदा पिझ्झ्यासाठी 700 फॅरनहाइटपर्यंत नेलं, म्हणजे साधारण 370 सेल्सिअस, आणि तासभर तसंच चालू ठेवलं. आधी सिलिकॉनचा घाण वास सुटला. सगळे जेवत असताना मागून 'टक्' असा आवाज आला, फरशीवर वाटी पडावी तसा. टॉर्च लावून पाहिलं तर मागची पट्टी जिथे सगळ्यात अरुंद, बरोबर तिथेच आडवी चीर. बाहेरच्या कडेला नख अडकेल एवढी रुंद, आतल्या कडेला केसाएवढी.

कारण मला नंतर कळलं. भोकाची आतली कड तापून फुगते, बाहेरची कड गारच असते, म्हणून बाहेरची बाजू ताणली जाते. दगड दाब कितीही सोसेल, ताण सोसत नाही. मी इंजिनियर आहे, पण सॉफ्टवेअरचा. तेव्हा हे जाणकाराकडून तपासून घ्या.

मग वॉरंटीचं नाटक. दगडाच्या दुकानातल्या बाई दर वेळी गोड बोलायच्या आणि दर वेळी नवीन फोटो मागायच्या. आठ आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं: उष्णतेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, भोक ग्रिलसाठीच पाडलं होतं ना? तुमच्याच पावतीवर 'ग्रिल कटआउट' लिहिलंय! काँट्रॅक्टर म्हणाला दगडवाल्याला विचारा, दगडवाला म्हणाला काँट्रॅक्टरला. पावणेदोन हजार डॉलर शेवटी आमचेच गेले. तुम्ही तरी किती फट ठेवायची हे कापण्याआधी लेखी घ्या, फोनवरच्या 'नो प्रॉब्लेम'ला काही अर्थ नसतो.

दुसऱ्या वेळी, नवा दगड घेताना, ग्रिल जागेवर उभं करून, झाकण पूर्ण उघडून, मग माप घ्यायला लावलं. बिजागरी मागे किती सरकते ते चित्रात कळत नाही. चहूबाजूंनी दीड इंच मोकळं ठेवलं आणि मागची पट्टी काढूनच टाकली, म्हणजे भोक गोल न राहता मागे उघडं, घोड्याच्या नालेसारखं. तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये फटीचा आकडा असेल तर तोच धरा, माझा नको. फट मात्र कशानेही बुजवू नका, 'हीटप्रूफ' सिलिकॉननेही नाही. तिथली हवाच दगडाला वाचवते. पाणी जातंच आत, त्याला खाली निचऱ्याची भोकं ठेवली की झालं.

आणि तुमच्या फॅब्रिकेटरने सुचवलेला क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड? माझं मत विचाराल तर बाहेर अजिबात नको. त्यात रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) असतं, उन्हाने पिवळं पडतं आणि गरम तव्यानेही डाग पडतो. घरातल्या ओट्याला छान आहे. बाहेर ग्रॅनाइट किंवा पोर्सिलेनचा स्लॅब, तोही फार काळा नको. टेक्सासच्या जुलैत काळ्या दगडावर ग्रिल न पेटवताही हात टेकवत नाही.

तुमच्या फोटोत लाकडी चौकटीवर सिमेंट बोर्ड ठोकलेला दिसतोय. तो बोर्ड पेटत नाही, पण उष्णता अडवतो असंही नाही. मागचं लाकूड तापतच राहतं, आणि वर्षानुवर्षं भाजत आलेलं लाकूड कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. शक्य असेल तर ग्रिलच्या कप्प्यापुरती तरी लोखंडी चौकट करून घ्या.

विषय निघालाच आहे तर: कोळशावर लायटरचं रॉकेल ओतू नका, सिरॅमिक ते पिऊन बसतं आणि पुढचे कित्येक पदार्थ त्याच वासाचे होतात. खूप तापलेलं असताना झाकण एकदम उघडू नका, आधी दोन इंच उचलून थांबा, नाहीतर भपका तोंडावर येतो. माझी एक भुवई त्यात गेली आहे.

दगड अजून कापला नसेल तर मागे किती इंचाची पट्टी उरतेय ते मोजून इथे टाका.