मुलं चिडवतातच ना?

“मॅडम, मुलं चिडवतातच ना एकमेकांना? मी त्याला म्हटलं, दुर्लक्ष कर.” आई कळवळून बोलत होती. मुलगा सहावीतला. दीड महिना रोज सकाळी पोटात दुखायचं. सोनोग्राफीतही काही निघालं नाही. रविवारी मात्र पोट ठणठणीत.

मुलगा अडखळत बोलतो. हजेरीला ‘प्रेझेंट’मधला ‘प्र’ अडला की मागच्या बाकांवरून “प-प-प” सुरू. मधल्या सुट्टीत आणि व्हॅनमध्येही तेच.

मी त्याला विचारलं, “तू नको म्हणालास तर थांबतात?” त्याने मान हलवली, नाही. “तुलाही हसू येतं?” तो शर्टाचं बटण फिरवत बसला. मस्करी असती तर तोही हसला असता. हा छळ आहे, असं मी स्पष्ट सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. “म्हणजे माझी चूक नाही?”

‘दुर्लक्ष कर’ म्हटलं की मुलाला ऐकू येतं, तुझं तू सोस. मग ते घरीही सांगायचं बंद करतं. हे मी फार वेळा पाहिलंय.

उत्तराचं वाक्य त्यानेच निवडलं, ‘म’ त्याला सोपा जातो म्हणून: “मला हे चालणार नाही.” आम्ही कपाटाच्या आरशासमोर सराव केला. खांदे सरळ, एकदाच म्हणायचं, आणि मित्राकडे चालू लागायचं. अडखळला तरी वाक्य सोडायचं नाही. पहिल्यांदा आवाज जेमतेम ओठांबाहेर आला. सातव्यांदा बाहेरच्या ताई दारातून डोकावल्या.

पण सगळा भार मुलावर टाकणं मला पटत नाही. आईला सांगितलं, “हळू बोल” म्हणू नका, त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. वर्गाच्या बाई स्वतः त्याला “लवकर बोल की रे” म्हणायच्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेत मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करतं. ते दाखवायची वेळ आली नाही, बाईंनी ऐकून घेतलं. आता अख्खा वर्ग हात वर करून हजेरी देतो. शाळेने मनावरच घेतलं नसतं, तर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 नंबर होताच. तो फोन मूल स्वतःही करू शकतं.

व्हॅनमधला एक मुलगा अजून चिडवतो. परवा मात्र शेजारी बसणारा मित्र त्याला म्हणाला, “ए, गप रे.” हे सांगताना आमचा गडी तीनदा अडखळला, पण थांबला नाही.